तीन ढीग: हिमालयात फ्लाय फिशिंगला जाताना सॅक कशी भरायची?

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये आहात, इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. ते दोघे मित्र आहेत. सह्याद्रीत भरपूर भटकलेत, पण हिमालयातली नदी पहिल्यांदाच. पाच दिवसांची सुट्टी आहे, हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात जायचंय, नदीकाठी दोन-तीन रात्री तंबूत काढायच्यात आणि ट्राऊट पकडून बघायचाय, तोही फ्लाय फिशिंग करून. प्रश्न साधा होता: "ताई, सामान काय काय घ्यायचं? यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येकाची यादी शंभर वस्तूंची आहे."

तर आज आपण यादी पाठ करायची नाहीये. सामान निवडायचं कसं, ते बघू.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी एका मिनिटात सांगते. आपल्याकडे कोकणात लोक गरवायला जातात, म्हणजे गळाला आमिष लावतात, शिसं बांधतात आणि त्या वजनाने दोरी पाण्यात लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसतं. गळावरच पिसं, केस, तार गुंडाळून किड्याची नक्कल केलेली असते. तिला म्हणायचं फ्लाय. ती इतकी हलकी असते की फेकली तर समोरच पडेल. म्हणून इथे वजन दोरीला असतं. जाडसर, खास बनवलेली दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची आणि तिच्या जोरावर फ्लाय माशाच्या पुढ्यात अलगद उतरवायची.

आता सामान. घरात मधल्या खोलीत चादर पसरा आणि तीन ढीग करा. पहिला ढीग: मला जिवंत ठेवणाऱ्या वस्तू. दुसरा: मासा मिळवून देणाऱ्या वस्तू. तिसरा: माशाला जिवंत ठेवणाऱ्या वस्तू. आणि भरायचं याच क्रमाने. होतं काय, दुसरा ढीग सगळ्यात मजेशीर असतो, रंगीबेरंगी असतो, त्यावर पैसे खर्च झालेले असतात. मग सॅक भरली की लोक पहिल्या ढिगातून कापाकापी सुरू करतात. "जॅकेट राहू दे रे, एक फ्लायबॉक्स बसतोय." नेमकं इथेच आपण चुकीचा सौदा करतो.

पहिला ढीग

तीर्थनला जाताना तुम्ही मनालीच्या रस्त्यावर औटला उतरता आणि तिथून बंजारमार्गे गुशैणीला जाता. औटजवळच लारजी आहे. तीर्थन आणि सैंज या नद्या तिथे बियासला मिळतात आणि तिथे धरण आहे. 8 जून 2014 ला संध्याकाळी याच धरणाच्या खाली, थलौटपाशी, हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नदीतल्या दगडांवर फोटो काढत होते. धरणातून पाणी सोडलं गेलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. तुमच्याच वयाची मुलं होती ती. कुणी पोहायला गेलं नव्हतं, कुणी वेडं धाडस केलं नव्हतं. नुसती उभी होती.

घाबरवायला सांगत नाहीये. डोंगरातली नदी आपल्या ओळखीच्या नदीसारखी वागत नाही, एवढं डोक्यात पक्कं बसावं म्हणून सांगतेय. धरणाच्या खाली तर पाण्यात उतरायचंच नाही. आणि जिथे धरण नाही तिथेही बर्फ आहेच. दिवसा ऊन पडलं की वर बर्फ वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं. सकाळी जिथून सहज ओलांडलं, तिथे संध्याकाळी परत येताना पाय टिकत नाही. म्हणून गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा आणि तासातासाला बघा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली, नदीचा आवाज बदलला, तर मासा गळाला असला तरी दोर सोडा आणि वर चढा. वर म्हणजे काठावर नाही, वर.

आता या ढिगात काय काय? कपड्यांचे दोन संच. एक भिजायचा, एक कोरडा. कोरडा संच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि तो फक्त तंबूत घालायचा. कितीही मोह झाला तरी सकाळी परत ओलेच कपडे चढवायचे. जीन्स नको, सुती टी-शर्ट नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. एक फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी. मे महिना असला तरी. स्लीपिंग बॅग शून्य अंशापर्यंत चालेल अशी. भाड्याने मिळते, विकत घ्यायची गरज नाही.

बूट दोन. एक चालायचा, एक पाण्यातला. पाण्यातला म्हणजे जुना, पण रबरी तळ शाबूत असलेला बूट. चपला, फ्लोटर अजिबात नको. गोट्यांवर शेवाळ असतं, बोटं दगडात अडकतात. जाड केसाळ तळाचे खास बूट मिळतात, ते शेवाळावर छान धरतात, पण त्यांचा तळ लवकर वाळत नाही आणि एका नदीतले सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीत नेतो. न्यूझीलंडने 2008 मध्ये असे तळ बंद केले, नंतर अलास्कानेही केले. आपल्याला रबर पुरे.

छातीपर्यंतचे वेडर्स घ्यायचे का? पहिल्या खेपेला, उन्हाळ्यात, नको. वजन खूप, भाडं वेगळं. आणि त्यातून खोटा धीर येतो ते आणखी वाईट. पाय कोरडे आहेत म्हणून माणूस खोल जात राहतो. नियम साधा ठेवा: गुडघ्याच्या वर पाणी नको. थंडी हाच तुमचा अलार्म. पाय बधिर झाले की बाहेर या, चहा करा, पुन्हा जा. ट्राऊट तसाही बरेचदा काठाजवळच, एखाद्या दगडाच्या आडोशाला असतो. खोल जाणारी माणसं माशाच्या अंगावरूनच चालत जातात!

ट्रेकिंगची काठी एक. पाण्यात ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकायची. सॅक घेऊन ओढा ओलांडताना कमरेचा पट्टा सोडायचा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. शिट्टी एक प्रत्येकी, गळ्यात. नदीच्या आवाजात दहा पावलांवरची हाक ऐकू येत नाही. तीन शिट्ट्या म्हणजे मदतीला ये. हेडलँप, जादा सेल, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, प्रथमोपचाराची पिशवी, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. आणि एक कागद. कुठे जातोय, कधी परतणार, कुणाला फोन करायचा, हे लिहून होमस्टेच्या मालकांकडे द्यायचं. या कागदाचं वजन शून्य आहे.

दुसरा ढीग

आता मजेचा भाग. रॉड नऊ फुटी, चार तुकड्यांची, पाच नंबरची. हा नंबर दोरीच्या वजनाचा असतो. नंबर लहान तर दोरी हलकी, नाजूक. मोठा तर जड. डोंगरातल्या ट्राऊटला चार किंवा पाच पुरे. रीलला त्याच नंबरची तरंगणारी दोरी. चार तुकड्यांची रॉड नळीत घालून सॅकच्या बाजूला बांधता येते. नळीशिवाय नेऊ नका. बसच्या टपावर रॉडचं काय होतं ते सांगायला नको.

मोडली तर? दोघांत एक जादा टेंकारा ठेवा. ही जपानची पद्धत. रीलच नाही, घडी होणारी लांब काठी आणि टोकाला दोरी. सॅकच्या आत आडवी मावते, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. लहान ओढ्यांवर तर मला तीच जास्त आवडते.

दोरीच्या पुढे निमुळता होत जाणारा पारदर्शक नायलॉन, त्याला लीडर म्हणतात. नऊ फुटी, दोन-तीन घ्या. त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे बारीक नायलॉन. पाकिटावर 4एक्स, 5एक्स असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितकं बारीक. गंमत सांगते, अकरामधून तो आकडा वजा केला की एक इंचाच्या हजाराव्या भागात जाडी मिळते. 5एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, साधारण 0.15 मिलिमीटर. 4एक्स साधारण 0.18. एकेक रीळ पुरे.

आणि फ्लाय. दुकानात गेलात की डोकं फिरतं. शेकडो प्रकार, एकेकाची नावं भारी. आपण तीस घेऊ. फक्त तीस. आणि तीसपैकी वीस पाण्याखाली चालणाऱ्या. कारण ट्राऊट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. नदीतले किडे आयुष्याचा मोठा काळ दगडाखाली अळीच्या रूपात काढतात आणि पंख फुटून वर येतात ते थोड्या दिवसांसाठी. अशा अळीच्या नकलेला निम्फ म्हणतात.

तर हिशोब असा. फेझंट टेल निम्फ सहा, 14 आणि 16 नंबरच्या गळावर. गळाचा नंबर मोठा म्हणजे गळ लहान, हे लक्षात ठेवा. ही फ्लाय इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर या नदी-राखणदाराने तयार केली. तितराच्या जातीतल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं आणि तांब्याची बारीक तार, बस. दोराही वापरला नाही. तारेमुळे ती बुडते. इतकी साधी गोष्ट आजही जगभर चालते. मग हेअर्स इअर निम्फ सहा, 12 आणि 14 नंबर. ही सशाच्या केसांची, जरा विस्कटलेली, कुठल्याही किड्यासारखी दिसणारी. प्रिन्स निम्फ चार, 10 आणि 12 नंबर, मोठ्या स्टोनफ्लाय किड्यांसाठी. वूली बगर चार, काळे आणि ऑलिव्ह, 8 आणि 10 नंबर. हे लहान मासा किंवा जळवेसारखं दिसतं. पाणी जरा गढूळ असेल तेव्हा कामाला येतं. झाल्या वीस.

उरल्या दहा, पाण्यावर तरंगणाऱ्या. एल्क हेअर कॅडिस पाच, 14 नंबर. पॅराशूट ॲडम्स पाच, 14 आणि 16. कॅडिसला केसांचं छप्पर असतं, खळाळत्या पाण्यातही बुडत नाही. ॲडम्स करडी, कुठल्याही एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, पण बऱ्याच किड्यांची आठवण करून देते. तिच्यावर पांढरा तुरा असतो, त्यामुळे तुम्हाला ती दिसते. नवशिक्याला फ्लाय दिसणं हेच अर्धं काम आहे.

यातली कुठली बांधायची ते नदीला विचारा. पोचल्यावर रॉड जोडायच्या आधी एक गोटा उचला, उलटा करा. चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या दिसल्या तर बहुतेक मेफ्लायच्या, म्हणजे फेझंट टेल. दोनच शेपट्या, मोठा देह, तर स्टोनफ्लाय, मग प्रिन्स. वाळूच्या कणांची बारीक नळी दगडाला चिकटलेली दिसली तर ते कॅडिसच्या अळीचं घर. बघून झालं की गोटा हळूच जसा होता तसा ठेवायचा. ते कुणाचं तरी घर आहे.

फ्लाय दोन डब्यांत निम्म्या-निम्म्या वाटा, दोघांच्या सॅकमध्ये एकेक. एक डबा वाहून गेला तर सहल संपत नाही. बाकी किरकोळ: सर्जिकल चिमटा, नेलकटर, लोकरीचा भडक तुकडा खूण म्हणून, आणि बारीक वजनं. शिशाची नकोत, कथलाची घ्या. शिसं पाण्यातल्या पक्ष्यांच्या पोटात जातं. ब्रिटनने 1987 मध्ये हंस मरायला लागले म्हणून मासेमारीतल्या बारीक शिशाच्या वजनांवर बंदी आणली. आणि पोलराइज्ड गॉगल. पाण्यावरची चकाकी जाते, मासा दिसतो, आणि मुख्य म्हणजे उलट्या आलेल्या गळापासून डोळा वाचतो. खरं तर हा पहिल्या ढिगातलाच. त्याच्याशिवाय कुणीही रॉड उचलायची नाही.

तिसरा ढीग

हा सगळ्यात लहान ढीग आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा.

तीर्थनमधला ब्राऊन ट्राऊट मूळचा इथला नाही. इंग्रजांच्या काळात, 1909 च्या सुमारास, तो कुल्लू खोऱ्यात आणला गेला आणि इथल्या थंड पाण्यात रुळला. नदीत मूळचा मासा आहे स्नो ट्राऊट. नावात ट्राऊट असला तरी तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. तोंड खालच्या बाजूला, दगडांवरचं शेवाळ खरवडून खातो. तो चुकून गळाला लागला तर आधी त्याला सोडा. आणि ब्राऊन ट्राऊट पाहुणा असला तरी आता खोऱ्यातली किती तरी घरं त्याच्यामुळे चालतात. होमस्टे, गाइड, पोर्टर. एक मासा जिवंत सोडला तर तो पुढच्या पाहुण्यालाही भेटतो.

म्हणून काय न्यायचं? रबरी जाळीची लहान झोळी. सुती किंवा नायलॉनची गाठींची जाळी माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडते आणि मग बुरशी लागते. दुसरं, सगळ्या गळांचे उलटे काटे घरीच चिमट्याने दाबून सपाट करा. मासा सुटेल का? एखादा सुटेल. पण गळ पटकन निघतो, माशातून आणि तुमच्या अंगठ्यातूनही. दवाखाना सहा तासांवर असताना याचं मोल कळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही निघायच्या आधी बघा.

तिसरं, लहान थर्मामीटर. ट्राऊटला थंड पाणी लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पाणी 20 अंशांच्या पुढे गेलं की झुंजून दमलेला मासा सोडला तरी मरू शकतो. तेव्हा रॉड बाजूला ठेवा, पोहे करा. चौथं, एक चेनची पिशवी, तोडलेल्या नायलॉनच्या तुकड्यांसाठी. ते तिथे टाकलं तर पक्ष्यांच्या पायात गुंततं.

फोटोसाठी मासा पाण्याबाहेर लटकवू नका. हात आधी ओले करा, झोळी पाण्यातच ठेवा, मित्राने कॅमेरा तयार ठेवायचा, उचला, एक क्लिक, परत पाण्यात. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतःच निसटेल. लाइक्स कमी आले तर आले.

कागद, विमान आणि वजन

हिमाचलमध्ये ट्राऊटचा बंद हंगाम 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. तेव्हा मासे गोट्यांत अंडी घालतात. उरलेल्या काळात जुलै-ऑगस्ट टाळा, पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून पाणी गढूळ आणि धोक्याचं असतं. मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मत्स्य विभागाचा परवाना काढा आणि त्याच्या मागचे नियम वाचा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत जायला वेगळा परवाना लागतो. मासेमारीचा परवाना म्हणजे उद्यानाचा परवाना नव्हे. 2014 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, तिथे "चालतंय की" चालत नाही. पहिल्या दिवशी तरी एक स्थानिक गाइड घ्या. कुठला डोह फसवा आहे हे त्याला माहीत असतं, कुठल्याच ॲपला नाही.

विमानाने जाणार असाल तर गळ, फ्लाय, चिमटा, नेलकटर चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. स्टोव्हचा गॅस विमानात कुठेच चालत नाही, तिकडे पोचून घ्या.

आता तिन्ही ढीग सामान मोजायच्या काट्यावर ठेवा. दुसरा आणि तिसरा ढीग मिळून माणशी दोन किलोच्या आत बसले पाहिजेत. जास्त झाले तर दुसऱ्यातून काढा. पहिल्याला हात लावायचा नाही. फोल्डिंग खुर्ची, दुसरी रील, साठ जादा फ्लाय, ब्लूटूथ स्पीकर, हे सगळं खोलीतच राहू दे. स्पीकर तर नक्कीच. नदीचा आवाज ऐकायलाच हवा, ते का हे मगाशी सांगितलं.

निघायच्या आठवडाभर आधी दोन कामं. एक, जवळच्या मैदानावर दोरीच्या टोकाला फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून रोज अर्धा तास फेकायचा सराव. क्रिकेट खेळणारी मुलं हसतील, हसू द्या. दोन, क्लिंच आणि सर्जन्स या दोन गाठी डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत, कारण तिकडे संध्याकाळी बोटं गारठलेली असतात.

आणि मासा नाही मिळाला तर? पहिल्या खेपेला बऱ्याचदा नाहीच मिळत, आधीच सांगून ठेवते. पण दोन-तीन दिवस एका नदीकडे इतकं बारकाईने बघितलं, तिचं पाणी कधी चढतं, कुठे मंद होतं, दगडाखाली कोण राहतं हे कळलं, तर पुढच्या वेळी तुम्ही कुठल्याही नदीवर गेलात तरी आधी थांबून बघाल, मग पाय टाकाल. पाच दिवसांच्या सुट्टीत एवढं शिकून आलात तर भरून पावलात.

तर श्रोते मित्रांनो, दोघेही जा, दोघेही परत या, आणि मेसेज करून सांगा कुठली फ्लाय चालली. बाकीच्यांनी आपापल्या सॅकमधली एक वस्तू कमेंटमध्ये लिहा, जी तुम्ही दर वेळी नेता आणि कधीच वापरत नाही. ट्रेकला जाणारा मित्र असेल तर हा एपिसोड त्याला पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू. काळजी घ्या!